मांजर, माती आणि शेजारधर्म

मराठी भाषेने मांजराची उपेक्षा केली, असे कोणालाही म्हणता यायचे नाही. आपल्याकडे मांजर डोळे मिटून दूध पिते, ऐन कामाच्या वेळी आडवे जाते, ते उंदराला साक्षीला लागते आणि त्याच्या गळ्यात घंटा बांधायचा प्रश्न तर प्रत्येक सभेत एकदा तरी निघतो. तत्त्वज्ञांनीही त्याला सोडलेले नाही. भक्ताने देवावर किती भार टाकावा हे सांगताना त्यांनी मार्जारकिशोरन्याय पुढे केला. पिलू स्वतः काही करीत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून हवे तिथे नेते. षष्ठीदेवीचे वाहन मांजर. मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही धास्ती तर आम्हा सर्वांना लहानपणीच घातलेली. इतके सगळे झाले, पण हे मांजर प्रातर्विधीला कुठे जाते, याबद्दल आमच्या म्हणींत आणि वाक्प्रचारांत चकार शब्द नाही.

कारण त्या चौकशीची गरजच कधी पडली नव्हती. कोकणातल्या घराला परसू होते, देशावरच्या वाड्याला मागचे अंगण होते. चुलीची राख, भाताच्या तुसाचा ढीग, नारळाच्या आळ्यातली भुसभुशीत माती, यांपैकी काही ना काही मांजराला मिळेच. ते आपले जाई, पंजाने खळगा करी, काम उरकले की चारी बाजूंनी माती ओढी, एकदा हुंगून खात्री करून घेई आणि जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने परत येई. पुढे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आमची उपनगरे वर वर चढत गेली. बैठ्या घरांच्या जागी चार मजली इमारती आल्या आणि आता त्या पाडून वीस-वीस मजल्यांचे मनोरे उभे राहत आहेत. मांजर आमच्याबरोबर लिफ्टमधून वर आले. माती तेवढी खाली राहिली. म्हणून ती आता पिशवीतून विकत आणावी लागते.

या विकतच्या मातीला इंग्रजीत 'लिटर' म्हणतात, आणि मराठीत ती आणि दुधाचे माप एकाच अक्षरांनी लिहावे लागते. आमच्या घरी पहिली पिशवी आली तिच्यावर 'सहा लिटर' असे माप होते. आईने ते वाचले आणि म्हणाली, "अरे, एवढ्याशा मांजराला सहा लिटर? रतीब लावलास की काय?" तेव्हापासून आमच्याकडे त्या वस्तूला 'मनीची माती' म्हणतात. मनी हे आमच्या मांजरीचे नाव. मराठीचा अध्यापक या नात्याने या शब्दाला माझी संपूर्ण मान्यता आहे, आणि पुढे मी तोच वापरणार आहे, मग ती वस्तू माती असो, भुसा असो की सोयाबीनचा चोथा.

गेल्या पावसाळ्यात याच सदरात मनीचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर जी पत्रे आली त्यांतल्या निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता: घरात वास येऊ नये आणि निसर्गाचीही हानी होऊ नये, अशी माती कोणती? दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी हा विषय घ्यावा की नाही, याचा मी बराच विचार केला. शेवटी असे वाटले की, ज्या गोष्टीवरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बोलाचाली बंद होतात ती गोष्ट क्षुद्र कशी म्हणावी?

आणि बोलाचाल बंद होण्यावरच हे प्रकरण थांबत नाही. वासापायी मांजराचे घर जाते. आधी जिन्यात नाके मुरडली जातात, मग संस्थेच्या फलकावर एक सूचना लागते, मग चिटणीस 'सहज म्हणून' येऊन जातात. घरातल्या घरात धुसफूस सुरू होते. आणि एके दिवशी संध्याकाळी कोणीतरी मांजर पिशवीत घालून मासळीबाजाराजवळ सोडून येते. "तिथे त्याला खायला भरपूर मिळेल," असे वर म्हणायचे. घरात, गादीवर वाढलेल्या मांजराला तिथल्या मुरलेल्या बोक्यांपुढे खायला काय मिळत असेल ते त्यालाच ठाऊक. आमच्या मुलुंडच्या इमारतीतून दोन वर्षांत दोन मांजरे अशी 'गेली'.

गेल्या मार्गशीर्षात तिसरी पाळी मनीची होती. माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. आईने एका वाक्यात निकाल दिला: "मांजर राहील की बाळंतीण राहील, ते एकदा ठरवा." त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी आमच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावला. आमची मुलगी मनीला पोटाशी धरून रडायला बसली. अशा वेळी अध्यापकाने करण्यासारखी एकच गोष्ट असते, भांडणाआधी वाचन. मी वाचले, दुकाने हिंडलो, आणि जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

प्रथम वास म्हणजे काय ते पाहू. मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रखरखीत मुलखातले. तिथे पाणी दुर्मिळ. म्हणून पाणी जपून वापरण्याची सवय मांजराच्या मूत्रपिंडात मुरलेली आहे. त्याचे मूत्र थोडे, पण फार दाट. गंमत अशी की ते ताजे असताना फारसा वास येत नाही. त्यात युरिया असतो. काही तास गेले की जंतू त्या युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. तोच तो डोळ्यांना झोंबणारा वास. उष्णता आणि ओल मिळाली की जंतूंचे काम झपाट्याने होते, आणि मुंबईच्या उपनगरात जून ते सप्टेंबर या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात.

दुसरा वास खास मांजराचा. त्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचे द्रव्य असते. ते विघटित झाले की त्यातून गंधकयुक्त पदार्थ तयार होतात. जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, हे फेलिनिन तयार होण्यामागे कॉक्सिन नावाचे एक प्रथिन आहे. शस्त्रक्रिया न केलेल्या बोक्यात फेलिनिनचे प्रमाण सर्वांत जास्त. ज्यांच्या घरी असा बोका आहे त्यांनी बाजारातली कोणतीही माती आणली तरी समाधान होणार नाही. त्यांनी आधी पशुवैद्याकडे जाऊन त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. मातीचा विचार त्यानंतर.

एवढे कळले की मातीकडून काय अपेक्षा करायची हे आपोआप ठरते. तिने ओल पटकन शोषावी, आपण कोरडी राहावी, आणि घाण उचलून टाकणे सोपे जावे. 'वासाचा नायनाट' असे पिशवीवर छापलेले असते, पण अमोनिया तयार होण्याआधी ओली माती काढून टाकणे यापरता नायनाट नाही. लव्हेंडरचा नाही तर गुलाबाचा सुगंध घातलेली माती तर मुळीच घेऊ नये. तो सुगंध आपल्यासाठी असतो. मांजराचे नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण, आणि तो दर्प नको म्हणून ते कोपऱ्यातली गादी पसंत करते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. नाकाला एखाद्या वासाची सवय झाली की ते त्याची दखल घेणे सोडून देते. त्यामुळे "आमच्याकडे काही वास येत नाही हो," असे सांगणारा गृहस्थ खरेच सांगत असतो, आणि नाकाला पदर लावणाऱ्या काकूही खऱ्याच असतात. याची परीक्षा एकच: दिवसभर बाहेर राहून संध्याकाळी दार उघडावे, आणि उंबरठ्यावरच्या पहिल्या श्वासाला प्रामाणिकपणे विचारावे.

आता मातीचा इतिहास. तो आमच्या दिवाळीच्या उटण्यापर्यंत येऊन पोचतो. जानेवारी १९४७ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस या लहान गावी के ड्रेपर नावाची एक बाई आपल्या शेजाऱ्याकडे वाळू मागायला गेली. तिच्या अंगणातली वाळू थंडीने गोठली होती. मांजरासाठी तिने राख वापरून पाहिली होती, पण राखेने माखलेल्या पावलांचे ठसे घरभर उमटत. शेजारी होता एडवर्ड लो. त्याच्या वडिलांचा कारखान्यांना तेल शोषणारे पदार्थ पुरवण्याचा धंदा होता. त्याने तिला वाळूऐवजी एका शोषक मातीचे दाणे दिले. ते तिला इतके आवडले की ती पुन्हा पुन्हा मागायला येऊ लागली. तेव्हा लोने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्यांवर 'किटी लिटर' असे नाव घातले आणि ६५ सेंटला एक अशी किंमत ठेवली. दुकानदार हसला, वाळू कवडीमोल मिळत असताना हे कोण घेणार? लो म्हणाला, फुकट वाटून टाक. त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. ती माती इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे तिलाच मुलतानी माती म्हणतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावायच्या उटण्यात बहुतेक घरी जी असते, तीच! ती त्वचेवरचे तेल शोषते त्याच गुणाने तिकडे मांजराची ओल शोषली गेली.

१९८४ साली टॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट नावाच्या मातीचा उपयोग शोधला. ही माती ओली झाली की फुगते आणि तिचा घट्ट गोळा बनतो. गोळा उचलून टाकावा, बाकीची माती कोरडी राहते. सोयीच्या दृष्टीने याला अजून तोड नाही. आपल्या देशात बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी कच्छमध्ये आहेत, राजस्थानात बाडमेरकडेही आहेत. कच्छची माती मांजरांसाठी परदेशीही जाते.

मग हरकत कशाला? हरकत वजनाला आणि शेवटाला. आमच्या एकट्या मनीला ही माती महिन्याला आठ-दहा किलो लागे. म्हणजे वर्षाला शंभर किलोच्या आसपास. एका मांजरासाठी दरसाल एवढी जमीन कच्छमध्ये खणायची, ट्रकने मुंबईला आणायची, चार दिवस वापरायची आणि कचऱ्यात टाकायची. ती कुजत नाही, जळत नाही. जिथे टाकाल तिथे राहते. शिवाय तिची बारीक धूळ उडते. घरात दम्याचे माणूस असेल तर त्रास होतो.

आणि 'जिथे टाकाल तिथे' म्हणजे कुठे, हे उपनगरवासीयांना वेगळे सांगायला नको. बोरिवलीकरांनी गोराईच्या क्षेपणभूमीचा वास ती २००७ साली बंद होईपर्यंत सोसला. आम्ही मुलुंडकरांनी आमच्या क्षेपणभूमीचा वास २०१८ पर्यंत सोसला. पश्चिमेचा वारा पडला की संध्याकाळी खिडक्या लावून बसायचो. देवनारची क्षेपणभूमी तर १९२७ पासूनची. आता शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, आणि तिथल्या वासाच्या तक्रारी भांडुप-विक्रोळीकर करतात. आमच्या खोलीतला वास घालवण्यासाठी जी माती आम्ही आणतो, ती दुसऱ्याच्या खिडकीखाली डोंगर होऊन बसणार असेल, तर शेजारधर्म पाळला असे कसे म्हणावे? म्हणून 'निसर्गाला अनुकूल' हे शब्द पिशवीवर वाचून भागत नाही. माती आली कुठून आणि जाणार कुठे, हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

या दोन प्रश्नांच्या कसोटीवर बाजारातले बाकीचे प्रकार पाहू.

सिलिकाचे पांढरे खडे मिळतात. औषधाच्या बाटलीत नाही तर नव्या बुटाच्या खोक्यात जी छोटी पुडी असते तोच हा पदार्थ. ओल उत्तम शोषतो, वासही बराच आवरतो. पण तो कारखान्यात भरपूर उष्णता खर्चून तयार होतो आणि कुजत नाही. खडे टोचतात म्हणून पुष्कळ मांजरे त्यावर पाय ठेवत नाहीत.

टोफूची माती म्हणजे सोयाबीनपासून टोफू करताना उरलेल्या चोथ्याच्या बारीक कांड्या. हलकी, धूळ कमी, गोळाही बनतो, आणि कुजते. किंमत मात्र बेंटोनाइटच्या दुप्पट-तिप्पट. मक्याची आणि कसावाची माती याच जातीची. या सगळ्या मूळच्या खाण्याच्या वस्तू. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर बुरशी धरते, किडे होतात. आपण रवा-मैदा ठेवतो तशा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तरच टिकतात. पिशवीवर कोणत्या देशातून आली तेही पाहावे. समुद्र ओलांडून आलेल्या मातीला अनुकूल म्हणायचे की नाही, ते आपणच ठरवावे.

नारळाच्या काथ्याचा भुगा रोपवाटिकेत कोकोपीट म्हणून मिळतो. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी तो शोषतो, आणि माल आपल्याच किनाऱ्यावरचा. पण तो विटेसारखा दाबलेला असतो. आधी भिजवून फुलवावा लागतो आणि मग उन्हात खडखडीत वाळवावा लागतो. ज्यांना गच्ची आहे आणि ऊन आहे त्यांनी ऑक्टोबर ते मे जरूर वापरावा. श्रावणात नको.

भाताचे तूस सर्वांत स्वस्त. वाडा, कर्जत, मुरबाडकडच्या गिरण्यांत त्याचे ढीग असतात. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूसच असते. परंतु अख्ख्या तुसाचा पृष्ठभाग चिवट. पाणी त्यावरून ओघळून जाते. दळलेले तूस बरे, तरी हलके असल्यामुळे पायाला लागून दिवाणखान्यापर्यंत येते. आजीच्या काळची राख पुन्हा आणावी म्हणावे, तर आता चूलच नाही. शिवाय राख अल्कधर्मी, अमोनियाला धरून ठेवणे तिच्या स्वभावात नाही. तेव्हा ती चालत होती, कारण वर छप्पर नव्हते आणि वारा होता.

राहिला लाकडाचा भुसा. त्याच्या दाबून केलेल्या गोळ्या मिळतात. ओल लागली की गोळीचा पुन्हा भुसा होतो. खाली जाळी असलेली दुहेरी परात घेतली की हा भुसा खाली गळतो आणि वर कोरड्या गोळ्या राहतात. लाकूड अमोनिया बऱ्यापैकी धरते, वजन कमी लागते, आणि शेवटी सगळे कुजून जाते. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात एक मेख आहे. जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जो भुसा दिसतो त्यात प्लायवुड आणि दाबीव फळ्यांचा चुरा असतो, आणि त्या फळ्यांत फॉर्माल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्य असते. तो मांजराच्या नाकाखाली ठेवू नये. वखारीतला कोऱ्या लाकडाचा, चाळलेला, वाळवलेला भुसा असेल तर चालेल.

आम्ही या गोळ्यांवर स्थिरावलो. मनीला त्या पहिल्यांदा पायाखाली आवडल्या नाहीत. म्हणून जुन्या मातीत मूठमूठ मिसळत दहा दिवसांत बदल केला. मांजर मोठे सनातनी असते. त्याच्यापुढे एकाएकी क्रांती करू नये. ज्यांचे मांजर गोळ्या काही केल्या मानणार नाही, त्यांनी टोफू किंवा मका घ्यावा. आणि ज्यांना बेंटोनाइटच परवडते त्यांनी तेच वापरावे, पण दर आठवड्याला सगळी परात उपडी न करता रोज गोळे उचलून तेवढीच भर घालावी. माती निम्मी तरी वाचते.

आता विल्हेवाट. पिशवीवर 'शौचकूपात सोडता येते' असे लिहिलेले असले तरी सोडू नये. बेंटोनाइट तर नळात फुगून बसते आणि मग खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. पण टोफूसुद्धा नको. मांजराच्या विष्ठेत टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परोपजीवीची बीजे असू शकतात, आणि सांडपाण्यावरच्या नेहमीच्या प्रक्रियेत ती मरतीलच असे नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरांना याच परोपजीवीची बाधा झाल्याचे आढळले, आणि २००६ साली त्या राज्याने मातीच्या पिशवीवर 'शौचकूपात टाकू नये' अशी सूचना छापण्याचा कायदा केला. घरच्या मांजराने समुद्रातल्या पाणमांजराचे अहित करावे, हे आपल्या भाषेलाही पटणार नाही. घाटकोपर-भांडुपचे सांडपाणी ठाण्याच्या खाडीकडे जाते; त्याच खाडीवर दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि २०१५ पासून तिथे त्यांचे अभयारण्य आहे.

तेव्हा घाण वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावी आणि कचरा नेणाऱ्याला काय आहे ते सांगून वेगळी द्यावी. ओल्या कचऱ्यात मोकळी टाकू नये. तो कचरा कोणीतरी हाताने निवडतो. इमारतीच्या खतखड्ड्यातही नको. घरगुती खताला एवढी उष्णता चढत नाही की ही बीजे मरतील, आणि त्या खतावर कोणीतरी मेथी-कोथिंबीर लावतो.

टोक्सोप्लाझ्माचे नाव निघाले म्हणजे बाळंतिणीचा प्रश्न आला. आईची भीती अगदीच निराधार नव्हती. गरोदरपणात ही बाधा प्रथमच झाली तर गर्भाला धोका असतो. पण मांजर घालवण्याची गरज नसते, हेही तितकेच खरे. हा परोपजीवी कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. जे मांजर घराबाहेर जात नाही, कच्चे मांस आणि उंदीर खात नाही, त्याच्याकडून धोका फारच थोडा. आणि मुख्य मुद्दा असा की, विष्ठेतली बीजे बाहेर पडल्याबरोबर बाधक नसतात. त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे परात रोज साफ झाली की धोका जवळजवळ सरतो. फक्त गर्भवतीने ती साफ करू नये. दुसऱ्या कोणीतरी करावी आणि हात साबणाने धुवावेत. बहिणीच्या डॉक्टरीण बाईंनीही हेच सांगितले. आईने ते ऐकले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "रोज म्हणजे रोज. तुझ्या कॉलेजासारखी सुट्टी नाही."

इथे सगळी गोष्ट एका जागी येते. वास काही तासांनी सुटतो, रोगाचे बीज दिवसाने तयार होते. दोहोंवर इलाज एकच, त्याआधी उचलणे. माती कितीही महाग असली तरी ती फक्त वेळ मिळवून देते. वास हात घालवतो. आणि घरातला तो हात कोणाचा, हे माती आणण्याआधी ठरले पाहिजे. मुले 'आम्ही करू' म्हणतात. ते आठ दिवस टिकते. मग ते काम न बोलता घरातल्या बाईकडे जाते. आमच्याकडे मी ते आपल्याकडे घेतले. सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी एकदा आणि रात्री एकदा. दोन्ही मिळून पाच मिनिटे. उचलायचे साधन म्हणजे सरळ सरळ झाराच असतो. दिवाळीत चकल्या तळायच्या झाऱ्याशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून आईने त्याच्या दांड्याला लाल सुतळी बांधली आहे आणि स्वयंपाकघरात त्याचे नावही काढायचे नाही अशी ताकीद दिली आहे.

परात धुण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे जीव जाऊ शकतो. आपल्याकडे वास आला की फिनेल ओतायची पद्धत आहे. फिनेलात बहुधा फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात आणि मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. पंजे चाटले की विष पोटात जाते. डांबरगोळ्या आणि नीलगिरीचे तेल यांचेही तेच. ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको. अमोनियाशी तिची गाठ पडली की विषारी वायू सुटतो, आणि तो माणसालाही सोडत नाही. साधा साबण आणि गरम पाणी, वास राहिलाच तर पाण्यात थोडे व्हिनेगर. आंबटपणा अमोनियाला मारतो. मग परात पूर्ण वाळवावी आणि दोन-तीन इंच माती घालावी. जितकी मांजरे तितक्या पराती आणि वर एक, असा हिशेब पशुवैद्य सांगतात. परात जेवणाच्या भांड्याजवळ आणि बंद न्हाणीघरात ठेवू नये; वारा खेळेल अशी जागा द्यावी.

एवढे करूनही मांजर परातीबाहेर जाऊ लागले तर त्याला मारू नये. ते बहुधा आजारी असते. आणि बोका वारंवार परातीत बसतो, कण्हतो, पण थेंब पडत नाही, असे दिसले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत प्राण जातो. परात रोज पाहणाऱ्याला हे वेळेवर कळते. हाही त्या पाच मिनिटांचाच लाभ.

माघात बहिणीला मुलगी झाली. बारशाला शेजारच्या काकू आल्या. चांगल्या तासभर बसल्या, घुगऱ्या घेतल्या, पाळण्यातल्या बाळाचे कौतुक झाले. निघताना त्यांनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारले, "मांजर कुठं दिलीत हो शेवटी? बरं केलंत."

आईने काही न बोलता कपाटाच्या वर बोट दाखवले. तिथे मनी पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि सगळा समारंभ डोळे मिटून पाहत होती.